पत्रिकेत नसलेलं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार
अकरावीला इजिप्त चालू. भित्तिपत्रकासाठी एका शब्दावर टिपण हवं होतं, ‘रेन’ घेतला. अर्थ: नाव. लिहिताना वर तोंड, खाली पाण्याची रेघ. त्यावरून पोरांना छान गोष्ट रचून सांगता आली असती, पण ती नुसती र आणि न या उच्चारांची चिन्हं. शब्दाचं मूळ त्यापलीकडे मला सापडलं नाही. त्या लोकांच्या मते नाव हा माणसाचाच एक भाग. कोणी घेतंय तोवर मेलेलाही उरतो. सूड उगवायचा तर कोरलेलं नाव खरवडायचं.
संध्याकाळी लेकीच्या, प्रज्ञाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या.

४ फेब्रु.
पत्रिकेत कमलचं नाव नाही. प्रज्ञाने वारलेल्या जन्मदात्या आईचं म्हणून ‘कालकथित कमल’ लिहून दिलं होतं. मी प्रेसला फोन करून काढायला लावलं. कमलनंतर घरात आलेली वंदना एवढंच म्हणाली होती, "दीड वर्साची होती तवापासून मीच वाढोली न तिले?" खरंच आहे ते. पण काढा असं ती म्हणाली नव्हती. खापर तिच्यावर नको.
प्र. म्हणाली, "बाबा, आईचं नाव राह्यलं." म्हटलं, प्रेसवाल्याची चूक. धडधडीत खोटं. तिने लगेच विचारलं,
"अनसिंगच्या आजीले काय सांगसान मंग?"

७ फेब्रु.
टिपण लागलं. एका पोरीने विचारलं, "सर, आता कोनी खरवडते का नाव?" म्हटलं, आता फोन पुरतो. वर्ग हसला.

९ फेब्रु., रवि.
अनसिंगला गेलो. कमलची आई आता फारच थकली. वाचता येत नाही. पदराला हात पुसून पत्रिका घेतली.
"बापू, माह्या कमलचं नाव कुठी हाय? बोट ठेवून दाखवा."
मी त्यांचं बोट धरून वंदनाच्या नावावर ठेवलं. वाचलं, कालकथित कमल.
"म्या म्हटलं, इसरले अस्तीन."
शरम वाटते.

११ फेब्रु.
प्र. उद्या आजीकडे जाते आहे. आताच फोन झाला दोघींचा. फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली.
"बाबा, आजी साऱ्या गल्लीले बोट ठेवून आईचं नाव दाखवून राह्यली. कोनतं नाव?"
मी चष्मा पुसत बसलो. ती आत वं.कडे गेली. दोघींचं बोलणं थांबलंय. सांगायचं तर आता दोघींनाही सांगावं लागेल, नाव मीच काढायला लावलं.