गोठ्यातल्या दोन गाड्या आणि डेअरीचे मशीन

पुणे,
९ ऑक्टोबर २०२३

ती. निवृत्तीमामा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आधी काय घडले ते क्रमाने लिहिते.

१. शनिवारी तुमचे पार्सल वाकडेवाडीच्या स्टँडवरून सोडवून आणले.
२. मिठाईच्या खोक्यात, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक सर्किट बोर्ड निघाला. सोबत तुमची चिठ्ठी होती, की यातून गाड्यांचा कंट्रोल तयार कर, इथे याचा काही उपयोग नाही.
३. बोर्डाला वीज दिली. तो चालू झाला.
४. चालू झाल्यावर त्याने दुधाचा नमुना मागितला.
५. मी वीज बंद केली.

म्हणजे हा तुमच्या युसूफ वडगावच्या महिला दूध संस्थेतल्या फॅट मशीनचा बोर्ड आहे. त्या संस्थेच्या अध्यक्षा मालनबाई या माझ्या मामी आहेत. संस्थेची किल्ली त्यांच्याकडे असते आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. एवढे मला पुण्यात बसून कळते, तर गावात कळायला वेळ लागणार नाही.

तुमची अडचण मी विसरलेले नाही. रेल्वेतून रिटायर झाल्यावर तुम्ही रिकाम्या गोठ्यात, गव्हाणीच्या काठावर छोटे रूळ टाकले. त्यांवर विजेच्या खेळण्यातल्या दोन गाड्या, एक मालगाडी, एक पॅसेंजर. पण रुळातला करंट दोन्ही इंजिनांना सारखाच मिळतो, म्हणून एक सोडली की दुसरीही निघते. डिजिटल कंट्रोलमध्ये रुळाला वीज कायम असते. हुकूम नंबराने जातो आणि ज्या इंजिनात त्या नंबराची चिप असेल तेवढेच हलते. पण मिळत नाही. परदेशातून येणारा तयार कंट्रोलर मी जूनमध्ये नोंदवला. चिपांचा तुटवडा आहे असे दुकानदार तेव्हा म्हणाला होता, आता तो नुसताच खांदे उडवतो. इंजिनात बसवायच्या चिपा तर यादीतूनच काढून टाकल्या आहेत.

तरीही या बोर्डावरची चिप मी काढलेली नाही. वडगावच्या गाई-म्हशींच्या दुधावर मशीन जुळवताना घेतलेली सगळी मापे तिच्यात साठवलेली आहेत. तिच्यावर मी गाड्यांचा प्रोग्राम चढवला की ती पुसली जातील, आणि मग मशीन कोणाच्याही दुधाला काहीही आकडा दाखवेल. पुसलेले परत आणणे मला जमणार नाही.

दोन प्रश्न आहेत. मामींना हे माहीत आहे का? आणि संस्था खरोखर कायमची बंद झाली, असे तुम्हाला कोणी सांगितले आहे का? तोवर बोर्ड माझ्या कपाटात राहील.

तब्येतीला जपावे. लोभ आहेच, तपासून पाहण्याची गरज नाही.

आपली,
उत्पला


युसूफ वडगाव,
१४ ऑक्टोबर २०२३

चि. उत्पला हीस,
मामाचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, पंचनामाच हाय. पण बरं केलंस पत्र पाठवलंस. फोनवर मला ऐकू येत न्हाई, आणि तू ओरडून बोललीस की तुझ्या मामीला ऐकू येतं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, न्हाई. सांगायचं राहून गेलं. दुसऱ्याचं उत्तर असं, की संस्था पोळ्यापासून बंद हाय. श्रावण कोरडा गेला. वैरण न्हाई, हापशाला पाणी न्हाई. साखराबाई धनगराची, जिच्या घरचं दूध कधी चुकलं न्हाई, तिनंबी आपल्या गाई गोदाकाठी पाहुण्याकडं धाडल्या. दूधच न्हाई तर फॅट कशाचा मोजायचा? मशीनवर बोटभर धूळ बसलीय. रेल्वेच्या शेडमधे जे इंजिन बाजूला काढलं, त्याचा चांगला भाग काढून चालत्या इंजिनाला लावतात. त्याला कुणी चोरी म्हणत न्हाई. मी तेच केलं.

आणि नियमानंच केलं. शेडमधे भाग काढला की त्या इंजिनाला पाटी टांगावी लागते, न्हाईतर दुसरा शिफ्टवाला ते तसंच सुरू करायला जातो. म्हणून मी मशीनला पुठ्ठ्याची पाटी अडकवलीय. भाग काढलेला आहे, चालू करू नये, निवृत्ती पॉइंट्समन, खाली तारीख. लाल खडूनं लिहिलंय. दुरून वाचता येतं. चोर पाटी लावतो का, तूच सांग.

आता माझी घाई कावून ते ऐक. पाटोद्याचा आमचा ज्ञानोबा तुला आठवत असेल, मालगाडीवर गार्ड होता. मागल्या खेपेला आलता. माझ्या गाड्या बघून हॉटेलात चारचौघांत म्हणाला, की निवृत्तीनं रेल्वे न्हाई, बैलजोडी पाळलीय, एकीला चाबूक दाखवला की दोघी पळतात. सगळं हॉटेल हसलं. दिवाळी झाल्यावर तो परत येणार हाय. मला त्याच्यासमोर एकच क्रॉसिंग करून दाखवायचं. मालगाडी बाजूच्या रुळावर, लूपला उभी, पॅसेंजर शेजारून थाटात पुढं. जन्मभर मी तेवढंच काम केलं, आणि घरच्या गोठ्यात मला ते जमेना. याचं वाईट वाटतं.

तू शिकलेली पोरगी हाइस. संस्था आज ना उद्या भंगारात जाणार. चिप काढ आणि कामाला लाग.

तुझा,
निवृत्तीमामा

ता. क. मामीला सध्या काही कळवू नको. मी सांगतो सवडीनं.


युसूफ वडगाव,
१७ ऑक्टोबर २०२३

चि. उत्पलाबाई,
मामीचा जयभीम. पोटभर जेवत जा, मग वाच.

तुला मी कधी पत्र लिहीत न्हाई, पण हे तुलाच लिहावं लागतंय. परवा मी डेअरी झाडायला गेलते. कावून, तर आपल्या दूध संघानं वैरणीच्या गाड्या धाडल्यात, आणि एक नोव्हेंबरपासून दुधाचा टँकर पुन्हा येणार हाय. दूध थोडकंच निघंल, पण निघंल. साखराबाईच्या गाई परत आल्या. सत्यभामाची म्हैस इथंच होती, तिनं तिला घरचं पीठ चारून जगवली. तर मी कुलूप काढलं, आणि मशीनला आमच्या धन्याची पाटी. लाल खडूनं. नाव, हुद्दा, तारीख, सगळं. मी आधी हसले आणि मग खाली बसले.

चोरी करणारे लई बघितले, पण चोरी करून वर सही करणारा माणूस माझ्याच पदरात पडला.

तुला पार्सल धाडलं ते मला ठाऊक हाय. माझा टॉवेल गेला न्हवं त्यात. म्हणून तुला विचारते, त्या मशीनचं काळीज अजून शाबूत हाय का?

तुला ठाऊक न्हाई, तू ल्हान होतीस. मशीन नव्हतं तवा जुन्या डेअरीचा सेक्रेटरी दुधात बोट बुडवायचा आणि तोंड बघून फॅट सांगायचा. आमच्या वस्तीच्या बाईचं दूध कायम पातळ, धनगराच्या बाईचंबी पातळ, आणि त्याच्या भावजयीचं तेवढं घट्ट. म्हणून आम्ही बायांनी वेगळी संस्था काढली आणि आधी मशीन आणलं. पहिल्या दिवशी सत्यभामाच्या दुधाचा आकडा सगळ्यात वर आला, तवा ती मशीनकडं बघतच राहिली. त्या आकड्यावर बाया माझ्या मागं आल्या. आता एक तारखेला त्या किटल्या घेऊन दारात उभ्या राहतील, आणि मशीन मुकं निघालं, तर त्या काय म्हणतील? अध्यक्षीणबाईच्या घरात मशीन गेलं म्हणतील. आणि ते खरंच असंल. मग मी कुणाला तोंड दाखवू?

ह्यांना मी काही बोलले न्हाई. दोन दिस झाले, ताट वाढते आणि तोंडाकडं बघते. ते भाकरीकडं बघतात. त्यांनी आपणहून सांगावं अशी माझी इच्छा हाय, म्हणून मला कळलं हे तू त्यांना सांगू नको. रागावून तरी काय करू? त्या ज्ञानोबाचं बोलणं त्यांना लागलंय. गाई विकल्या तवा रिकाम्या गोठ्यात माणूस नुसता उभा राहायचा. गाड्या टाकल्या तवापासून तिथं आवाज हाय. तू त्यांच्या गाडीचंबी काही बघ. पण आधी माझं मशीन.

माया हाय, ती मोजायला फॅट मशीन लागत न्हाई.

तुझी,
मालनमामी


पुणे,
२५ ऑक्टोबर २०२३

ती. निवृत्तीमामा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. दूध संघाचा टँकर एक तारखेपासून पुन्हा सुरू होणार, हे एव्हाना तुम्हालाही कळले असेल. म्हणजे तुम्ही ज्या इंजिनाचा भाग काढला ते भंगारात गेलेले नव्हते. ते पाण्यासाठी थांबले होते.

बोर्ड आजच्या गाडीने परत पाठवत आहे. चिप जागेवर आहे, मापे जशीच्या तशी आहेत. काढताना एक वायर तुटली होती, ती जोडली आहे. बसवताना लाल टोक डावीकडे ठेवावे. या वेळी मिठाईच्या खोक्यात मिठाई आहे आणि बोर्ड वेगळ्या डब्यात आहे. टॉवेल धुऊन घडी करून ठेवला आहे.

आता तुमच्या कामाविषयी.

तयार कंट्रोलर मिळणार नाही, हे मी गृहीत धरले आणि नवे शोधणे सोडले. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुले काळ्या पट्टीवरून चालणारी छोटी गाडी दर वर्षी बनवतात, परीक्षा झाली की हॉस्टेलच्या माळ्यावर टाकतात. माझ्या जुन्या कॉलेजात अशा गाड्यांचा ढीग मिळाला. त्यांतले बोर्ड सुस्थितीत होते. दोन बोर्ड जोडून मी कंट्रोलर तयार केला आहे. तो रुळाला वीजही देतो आणि हुकूमही. टेबलावर तपासला, चालतो.

इंजिनात बसवायची चिप मात्र एकच मिळाली. कोथरूडच्या एका आजोबांचे जपानी इंजिन पडून फुटले होते, त्यातली. ती तुमच्या पॅसेंजरला बसवायची. मालगाडीला चिप नाही. पण या पद्धतीत बिनचिपेचे एक इंजिन शून्य नंबरावर चालवता येते. तशी सोय मी केली आहे. दोन्ही गाड्या आता वेगवेगळ्या चालतील.

यात एक दोष आहे, तो लपवत नाही. चिप नसलेले इंजिन उभे असतानाही करंट खात राहते. ते गुणगुणते आणि हळूहळू तापते. म्हणून लूपच्या रुळाचा एक तुकडा तुम्ही वेगळा तोडावा, त्याला जोडायचे साधे बटण कंट्रोलरसोबत देत आहे. मालगाडी लूपला आली की बटण बंद करायचे, पॅसेंजर गेली की चालू करायचे. हे विसरलात तर मोटर जळेल, आणि दुसरी मिळायला ज्ञानोबाकाकांची पुढच्या वर्षीची फेरी उजाडेल. मला काळजी नाही. गाडी लूपला असताना लक्ष ठेवणे हेच तुमचे काम होते.

कंट्रोलर तयार आहे, पण तो आज निघणार नाही. एकेरी मार्गावर आधीची गाडी पुढच्या स्टेशनात सुखरूप पोचल्याचे कळल्याशिवाय दुसरी सोडत नाहीत, हे मी तुमच्याकडूनच शिकले. त्या गोठ्यात उभे राहून, गव्हाणीवर बोट ठेवून तुम्ही ते सांगितले होते. आजची पहिली गाडी मामींची आहे. तुमची तिच्या मागे.

तेव्हा बोर्ड तुम्ही स्वतः बसवावा. पाटी ज्याने टांगली त्यानेच उतरवावी, हाही शेडचाच नियम असणार. पाटी उतरवताना मामींना शेजारी उभे करावे आणि ती का टांगली होती ते सांगावे. त्यांना ते आधीच माहीत आहे का, हा प्रश्न मला विचारू नये. मी उत्तर देणार नाही.

एक तारखेला पहिली किटली सत्यभामाबाईंच्या म्हशीची असावी. तिच्या दुधाचा आकडा किती येतो, हे मला मुद्दाम जाणून घ्यायचे आहे. लहानपणी सुट्टीत मी त्या मशीनसमोर उभी राहून लाल आकडे कसे उमटतात ते पाहत असे. पुढे काय शिकायचे ते तिथेच ठरले. ही माहिती मी आजवर कोणाला दिलेली नाही, आणि तुम्हीही गावभर सांगू नये.

मामींना नमस्कार. बैलजोडी सुटी झाली असे ज्ञानोबाकाकांना माझ्या वतीने कळवावे, पण मशीन सुरू झाल्यावर.

कंट्रोलर, चिप आणि बटण डब्यात बांधून दाराशी ठेवली आहेत. मशीन चालू झाले आणि पहिला आकडा किती आला, एवढे कळवणारे पत्र मला हवे आहे. ते तुमच्या नाही, मामींच्या अक्षरात असावे. ते आले की त्याच दिवशी तुमची गाडी सोडते.

उत्तर ८ नोव्हेंबरपर्यंत मिळावे.

आपली,
उत्पला