तीन बोटांची पट्टी

प्रिय बाबा,

आज तलावाच्या भिंतीवर, साऱ्या मच्छीमार संस्थेसमोर, म्या विष्णुकाकाले चोर म्हटलं. तुमच्या जागी अध्यक्ष झाला ना तो! आता घरात कोणापाशी बोलू? म्हणून तुमाले लिहून राह्यली.

तुमी गेल्यापासून माह्या मनात पाल चुकचुकत होती. संस्थेच्या मासोळीच्या ढिगात वीतभरही नसलेले रोहू-कटले येऊन राह्यले होते. पावसाळ्यात आपणच मासोळीचं बीज सोडाचं, अन् वाढाच्या आधी आपणच उपसाचं? असंच चाललं तं तलाव रिकामा होईन. मंग दारव्ह्याच्या बाजारात काय पाणी विकाचं?

तुमचा कायदा सोपा होता. जाळ्याच्या ज्या भोकातून तुमची तीन बोटं आडवी जातीन, तेच जाळं पाण्यात. नाही गेली तं काठावरच कापाचं. अन् तुमची बोटं केवढी जाड! बारकी मासोळी मजेत निघून जाये.

पण बोटं तं तुमच्यासंग गेली! कागदावर काहून नाही लिहून ठेवलं जी? विष्णुकाकाची बोटं म्हणजे नुसत्या शेवग्याच्या शेंगा. तो बोटं घाले अन् "पास" म्हणे. काकू टोपलं ओल्या पोत्यानं झाकून नेये, कायले? काका मले पाहून गप्प बसे, काहून? खरं सांगू, एकदा तुमच्यावरबी शक आला. तुमीबी कोणाले सूट देल्ली असन काय?

आज पेटीतून तुमची जाळं विणाची लाकडी पट्टी काढली, तुमच्याच तीन बोटांच्या मापाची. तेराव्यापासून तुमच्या धोतरात गुंडाळून ठेवली होती. हात लावाची हिंमतच होत नव्हती. पट्टी घेऊन भिंतीवर गेली अन् वरडली, "काका, चोर आहा तुमी! आणा तुमचं जाळं!"

काकानं आणलं. पट्टी आरपार गेली. बाकीच्यांच्याबी जाळ्यातून गेली. जिवंतपणी तुमी साऱ्यायले तशाच पट्ट्या करून देल्ल्या होत्या, हे मी कशी विसरली?

मंग काका हळूच म्हणे, "आता तुयं आण, पोरी."

माह्या जाळ्यात पट्टी अडकली. म्हणजे ढिगातली बारकी मासोळी माह्याच जाळ्यातली! अरे बाप्पा! तुमची पट्टी जपली, अन् मी आपल्याच बारक्या बोटांच्या मापानं जाळं विणत बसली होती.

"माहीत होतं मले," काका म्हणे. "पण बापाच्या दुखात होती तू. कशी कापू तुयं जाळं?"

चोर सोडून संन्याशाले फाशी देल्ली म्या! काकाचाबी राग आला. काहून बोलला नाही तो? तुमी असते तं पोरीचंही जाळं कापलं असतं.

बाबा, वचन देते. उद्या काठावर माह्या हातानं ते जाळं कापीन. साऱ्यांसमोर काकाच्या पाया पडीन. अन् तुमची पट्टी संस्थेच्या दाराले टांगीन. पेटीत नाही ठेवणार आता तुमाले.

तुमची, बारक्या बोटांची,
शांता