अर्धा गुण आणि ठोकळ्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा कुत्र्यांना आणि त्यांच्या मालकांना वळण लावण्याचा, आज पूर्ण शुद्धीवर, पोटभर जेवून, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी मान हलते. वर-खाली, हळूहळू, आपली आपण. म्हणून उद्या कोणी उठून असं म्हणू नये की म्हातारीला जे जे विचारलं त्याला ती 'हो हो' करत गेली. माझी मान हलते, मत हलत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी बुद्धी शाबूत आहे असं त्यांनी त्यात लिहिलं आहे, आणि मी उलट प्रश्न फार विचारते असं तोंडी सांगितलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

वाटणीवरून डोकी फुटावीत असं माझ्याकडे काही नाही. मी लिहायला बसले ती एका जिवासाठी. माझा कुत्रा ठोकळा माझ्या पश्चात कोणाकडे जाणार, हा माझा घोर आहे. पण वकीलसाहेब म्हणाले, आधी स्थावर, मग जंगम, मग जनावर. ठीक आहे, रांगेने जाऊ.

कलम १. राहतं घर आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या मुलाला. पोरगा गुणी आहे. कुत्र्याच्या केसांनी त्याला शिंका येतात, त्याला तो तरी काय करणार? त्याचं बालपण मैदानाच्या कडेला 'बस', 'थांब', 'सोड' ऐकण्यात गेलं. सूनबाई सांगते की अजूनही तो दार उघडलं की क्षणभर थांबतो, कोणीतरी 'चल' म्हणायची वाट बघत. सूनबाई, म्हणत जा. एक शब्द खर्च होतो, बाकी नवरा चांगला आहे.

कलम २. शिकवणीचं मैदान. सासऱ्यांनी ते अर्धं ह्यांच्या नावे आणि अर्धं ह्यांच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या नावे केलं होतं. ह्यांच्या मागे त्यांचा वाटा माझ्याकडे आला, तो मी वन्संना देते. मुलाला विचारलं आहे. तो म्हणाला, ते आत्याचंच आहे, तिलाच दे, माझं नाक तरी वाचेल.

वन्सं वयाने माझ्याहून लहान, पण नणंद ती नणंद. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला अगं-तुगं. वर्ग आमचा दोघींचा. सकाळी घरगुती शिस्तीचा: पाहुण्याच्या अंगावर उडी मारायची नाही, पट्टा ओढायचा नाही, ताटात तोंड घालायचं नाही. संध्याकाळी स्पर्धेचा. सकाळची माणसं मी सांभाळते, कारण माझ्या जिभेवर थोडी साखर आहे. संध्याकाळची वन्संकडे. त्या हसल्या तर मालक घाबरतात.

कलम ३. पट्टे, लाकडी दांड्या, उडीच्या फळ्या, खाऊचे डबे हे सगळं वर्गाचं आहे, वर्गातच राहील. फक्त एक शिट्टी बाजूला काढली आहे. ती कुत्र्यांना ऐकू येते, माणसांना नाही. ती मैदानाला लागून राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांना द्यावी. आमच्या भुंकण्याविरुद्ध त्यांनी जन्मभर अर्ज केले. त्यांना शांतता आवडते, त्यांनी ती मनसोक्त वाजवावी.

कलम ४. सायकलच्या दुकानवाल्यांना मी काहीही देत नाही. त्यांना जे मिळायचं ते फार पूर्वी मिळालं आहे आणि त्यात ते हल्ली पंक्चरचं सामान ठेवतात. मी त्यांच्या चषकाबद्दल बोलते आहे. तो माझ्या मिरीचा होता.

मिरी काळी, लहानखुरी, अशी कुत्री पुन्हा झाली नाही. अंतिम फेरी होती आणि परीक्षक होत्या वन्सं. स्पर्धेचा नियम असा की हुकूम एकच आणि एकदाच. तोंडाने 'बस' म्हटलंत तर अंग गप्प ठेवायचं. खांदा उडाला, बोट हललं, मान लवली तर तो दुसरा हुकूम, आणि त्याचे गुण कापतात. मी 'बस' म्हटलं, मिरी बसली, आणि वन्संनी अर्धा गुण कापला. म्हणाल्या, मान हलवलीस. मी म्हटलं, मुळीच नाही. चषक त्या अर्ध्या गुणाने सायकलच्या दुकानात गेला.

मी त्यांना डोळ्यांत काजळ जरा कमी घाला म्हणाले. त्या मला खोटारडी म्हणाल्या. पुढची कित्येक वर्षं आम्ही एकाच मैदानावर शिकवलं आणि एकमेकींशी बोललो ते ह्यांच्यामार्फत. "तुझ्या बायकोला सांग, फळी ओली आहे." "तुमच्या बहिणीला सांगा, मला दिसतंय." हे बिचारे मधल्या मध्ये. म्हणायचे, एक मान हलली आणि माझं अख्खं घर हललं. हे गेल्यावर निरोप्याच उरला नाही, म्हणून बोलायला लागलो, पण त्या अर्ध्या गुणाचा विषय दोघीही टाळायचो.

कलम ५. मैदानावरच्या खोलीतला भिंतभर आरसा वन्संना. खरं तर तो त्यांनीच आणला होता, माझ्यावर राग काढायला. मालकांनी त्यापुढे उभं राहून हुकूम द्यायचा आणि आपलं अंग कुठे हलतं ते बघायचं. मी त्यापुढे कधी उभी राहिले नाही. मी शिकवणारी, मला कशाला हवा आरसा?

गेल्या वर्षी ठोकळा बिघडला. चालता चालता मध्येच बसायचा. पट्टा लावताना बसायचा, मी शेजारणीशी बोलत उभी असले तरी बसायचा. मला वाटलं कंबर धरली असेल. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, ठणठणीत आहे. मग एका संध्याकाळी वन्सं खुर्च्या आवरता आवरता थांबल्या आणि लांबूनच म्हणाल्या, "वहिनी, तो तुझी मान बघतोय."

मला हाताला धरून त्यांनी आरशापुढे उभं केलं. मी ताठ उभी होते, देवाशपथ ताठ. आरशातली बाई मात्र मान डोलावत होती. शेजारी ठोकळा बसलेला, खाऊची वाट बघत.

मोठ्या डॉक्टरांकडे वन्संच घेऊन गेल्या. ते म्हणाले, हा कंप आहे, जिवाला धोका नाही, आणि असा कंप कित्येकदा वर्षानुवर्षं अंगात असतो, ज्याचा त्याला कळत नाही, वयाबरोबर वाढला की दिसतो. वन्संनी विचारलं, किती वर्षं? ते म्हणाले, वीस, पंचवीस, कोण सांगणार. परत येताना फाटकाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा तू खोटं बोलत नव्हतीस."

मी म्हटलं, "आणि तुम्हीही नव्हता."

मग मला चेव आला. मी विचारलं, आता तरी माझा अर्धा गुण परत देणार का? त्या म्हणाल्या, मान हलली ती हलली, गुण कापलेलाच राहील. इतकं बरं वाटलं मला! माणूस बदलला असता तर मी कोणाशी भांडले असते? त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून चहा केला आणि तो उतू घालवला.

कलम ६. आता ठोकळा. त्याची अडचण समजून घ्या. माझ्या मानेवर वाढलेला कुत्रा आहे तो. नुसत्या शब्दावर बसत नाही, शब्दामागून मान लवली तर बसतो. स्पर्धेला तो बाद आहे. घरी कोणी नेला तर चार दिवसांत म्हणेल, मठ्ठ आहे, ऐकत नाही, आणि मग एक दिवस हात उगारेल. तो मठ्ठ नाही. त्याने मला जितकं निरखून पाहिलं तितकं ह्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं. कोणी त्याला मारलं तर मला मेल्यावरही झोप लागणार नाही.

मुलाला शिंका. शेजारीण मांजरवाली. उरल्या वन्सं. मी विचारलं, तर त्यांनी साफ कानांवर हात ठेवले. बिघडलेला कुत्रा मी घेणार नाही म्हणाल्या, आयुष्यभर लोकांच्या माना सरळ केल्या, आता या वयात मी मान डोलवायची का? मी जास्त आग्रह केला नाही.

असं असूनही ठोकळा मी वन्संनाच देत आहे. त्या हे वाचून हरकत घेतील, म्हणून पुरावा इथेच नोंदवते.

गेल्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी गोळी घ्यायला घरात आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसतं, हे वन्सं विसरतात. मैदानावर त्या आणि ठोकळा, दोघंच. त्या त्याला "बस" म्हणाल्या, एकदाच, नियमाप्रमाणे. तो त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्या ताठ. तो उभा. कोणी हार मानेना. मग वन्संनी फाटकाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, हेडमास्तरांच्या गच्चीकडेही बघितलं, आणि हळूच मान लववली.

तो टुणकन बसला. त्यांनी पदराआडून खाऊ काढून दिला, आणि खात्री करायला पुन्हा एकदा मान लववली. मी पडदा सोडला आणि गोळी न घेताच बसून पोटभर रडले, आणि हसलेही. माझा घोर तिथे संपला.

वन्सं, शब्दामागून मान हलली, म्हणजे दुहेरी हुकूम झाला. तुमचा अर्धा गुण मी कापला आहे. कुत्रा तुमचा.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, मान्य करून सही केली आहे. अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. त्यांचा कुत्रा माझ्या वर्गात दोनदा नापास झाला, पण त्यात कुत्र्याची चूक नव्हती.

सही: मैदानावरच्या बाई
(अक्षर सरळ आहे, हात अजून ठाम आहे.)

साक्षीदार पहिले: मानेचे डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. माझ्यासमोर सही केली आणि मला सरळ बसायला सांगितलं.

साक्षीदार दुसऱ्या: शेजारीण, मांजरवाली. सही करताना ठोकळा टेबलाखाली बसला होता, कोणी सांगितलं नसताना.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल, खिडकीजवळ.
तारीख: आजची, सोमवार, सकाळचा वर्ग सुटल्यावर. वन्सं बाहेर खुर्च्या आवरत आहेत.