हमीपत्र घेतलेलं आहे

४ नोव्हेंबर
पोलीस माझ्या गुप्तहेर कचेरीच्या तपासणीला येऊन गेले. भिंतीवरची नोंदणीची पाटी, ग्राहकांचे करार, हमीपत्रं, सगळं उलटसुलट करून पाहिलं. एक चूक सापडली नाही. सापडण्याचा प्रश्नच नव्हता. ओकायामा शहरात गुप्तहेर पुष्कळ. कायदा वाचलेली मी एकटीच. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं ते फुकट नाही.

६ नोव्हेंबर
सकाळी एकाला दारातूनच परत पाठवलं. तोंडाला दारूचा वास, म्हणे भाऊ शोधायचाय. असली माणसं मला बघताक्षणी कळतात.
दुपारी कुवाजिमा-सान. इस्त्रीचा कोट, येताना चेस्टनटची मिठाई. बायको चिनामी घर सोडून गेली आहे, तब्येत नाजूक, काळजी वाटते. पत्ता मिळाल्यावर तिला त्रास देणार नाही, अशी हमी कायद्याने लिहून घ्यावी लागते. त्यांनी सहीच्या जागी नावाचा शिक्का इतका सरळ उमटवला की पाहत राहावं.
माझा सहायक हिरुमा पन्नाशीचा आहे, पण जिभेला लगाम नाही. म्हणाला, "बाई, बायकोला मारणारे शिक्का वाकडा मारतात का?" गप्प बसवलं.

११ नोव्हेंबर
चिनामी-सान सापडल्या. शेजारच्या कुराशिकी गावात, एका बेकरीत कामाला आहेत. रोज वेगळ्या रस्त्याने घरी जातात. फिरण्याची हौस दिसते. दुकानांच्या काचांत सारख्या बघतात, नटण्याचीही असावी. हिरुमाला यात काहीतरी वेगळंच दिसलं. त्याला सगळ्यातच दिसतं.
कुवाजिमांना आज फक्त गाव सांगितलं. घराचा पत्ता रीतसर अहवालातच देईन.

१३ नोव्हेंबर
कुवाजिमांचा फोन. ती एकटी राहते का? मजला कितवा? दाराला आतून साखळी आहे का? किती बारीक काळजी!
हिरुमा म्हणाला, "साखळीची चौकशी काळजीपोटी करतात होय? अहवाल दिलात तर उद्यापासून मी येत नाही." म्हटलं, नका येऊ.

रात्री
केवळ नियम म्हणून कुवाजिमांना फोन करून विचारलं, कधी हात उचलला होता का. हसले. म्हणाले, "बाई, या वेळी तिला नीट समजेल असंच समजावीन."
जेवले नाही. मासा ताजा नव्हता.

१४ नोव्हेंबर
अहवाल देणार नाही. शंका आली की काम थांबवायचं, कायदाच तसा आहे. घाबरण्याचा संबंध नाही. कुवाजिमांना तसं कळवलं. "बरं," एवढंच म्हणाले. सुसंस्कृत माणूस.
पोलिसांत जाण्याइतकं काही घडलेलं नाही. उगाच आमच्या नावावर शेरा कशाला? उद्या स्वतः जाऊन चिनामी-सानना सावध करते. एका भेटीत प्रकरण मिटेल.

१५ नोव्हेंबर
दार साखळीपुरतंच उघडलं. मी नाव सांगितलं. चिनामी-सान म्हणाल्या, "करड्या टोपीतल्या तुम्हीच ना? त्या दिवशी बेकरीपासून माझ्यामागे होतात." मी म्हटलं, भिऊ नका, हमीपत्र घेतलेलं आहे. त्या ऐकतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.
मी वळले. जिन्यात कुवाजिमा उभे. कमरेत वाकून नमस्कार केला. "आभारी आहे, बाई. घर काही मला सापडलं नसतं."
दार बंद झालं. चिनामी-साननी आतून पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत कुवाजिमा दाराशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. आत काही आपटल्याचा आवाज आला. बहुधा कपाट दाराला लावलं. मी तिथेच उभी होते.
पोलिसांनी चिनामी-सानना गाडीत बसवून दुसरीकडे नेलं. कुठे, असं मी विचारलं. शिपाई म्हणाला, "तुम्हाला सांगू?"
कुवाजिमांना ताकीद देऊन सोडलं.
बसस्टॉपवर आम्ही दोघंच. ते म्हणाले, "आता ती कुठे गेली, हेही तुम्हीच शोधू शकाल. सोमवारी येतो."
नाही, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. बस आली तरी तो निघाला नाही. ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले.