सूर्य उत्तरेला उगवला

मैलापूर, मार्गळी या तमिळ महिन्यातला रविवार, संध्याकाळ

पुढच्या महिन्यात इंग्लंडच्या डोंगरांत लेकीबरोबर धावायचंय, आणि आज मला समुद्र सापडला नाही. समुद्राला लागून असलेल्या मैलापूरमध्ये राहून!

ईशानं फोनवर बजावलं होतं, "आई, बर्फानं पायवाट झाकली, धुकं उतरलं, की डोळ्यांवर भरवसा नको. फक्त होकायंत्राच्या सुईवर." म्हणून पहाटे जाकीट, हातमोजे, गळ्यात शिट्टी असा सराव. घामानं आंघोळ. सुई म्हणत होती, सूर्य उत्तरेला उगवलाय. वेडेपणा कळत होता, तरी ऐकलं सुईचंच. पोचले कुठे? गाण्याच्या सभागृहाच्या कँटीनमध्ये! समोर सासूबाई, माकडटोपी घालून, मैत्रिणींबरोबर पोंगल खातायत.

"बीचवर जाणार होतीस ना? समुद्र आटला का गं?"

खायला हातमोजे काढले, होकायंत्र टेबलावर ठेवलं. डावा हात जवळ नेला की सुई गर्रकन त्याच्याकडे! मनगटात चुंबकाचं कडं. सांधेदुखीवर म्हणून सासूबाईंनीच दिलेलं, स्वतःच्या हातातलं काढून. म्हणजे पहाटेपासून उत्तर दिशा माझ्याच मनगटावर होती तर. पण सांगायचं कसं? एवढ्या मायेनं घातलंय.

तरी धीर करून तोंड उघडलं, तोच त्यांनी पर्समधून पुडी काढली. "उजव्या हातालाही आणलंय. बर्फात सांधे धरतात. परत येईपर्यंत काढायचं नाही, सांगून ठेवते."

घातलं. काय करणार? आता होकायंत्र धरायला दातच उरलेत.