बागेतला हौद बुजवू नये

मी, प्रयागबाई भगवंत थोरात, वय वर्षे एकसष्ट, धंदा शेती, राहणार जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात छाती कमजोर झाली आहे. डोके शाबूत आहे. कोणी शेजारी बसून हे लिहवून घेतलेले नाही. मला मूलबाळ नाही आणि खालील मिळकत यजमानांनी हयातीतच माझ्या नावे केलेली आहे.

१. राहते घर व ओढ्याकडची जमीन पुतण्या कुंडलिक याला द्यावी. तो जेवताना वर्तमानपत्र वाचतो, ते मात्र सुटावे.

२. माझ्या पाटल्या कुंडलिकची आई, माझी जाऊ साळुबाई, हिला द्याव्यात. "हौद बुजवा, कांदं लावा," असा धोशा तिने वर्षानुवर्षे लावला, हे मी विसरलेले नाही. तरी पाटल्या तिलाच.

३. बागेतला हौद. बाग घेतली तेव्हाच तो जुना होता. यजमानांनी माझ्या पाठीला भोपळा बांधून मला त्यात पोहायला शिकवले. ते गेल्यावर मी मंगळवार-शुक्रवार तो गावातल्या बायकापोरींसाठी मोकळा ठेवला. सत्तार मिस्त्रींची लेक दिलशाद तिथेच शिकली आणि आता इतरांना शिकवते.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला हौद गळू लागला. कुंडलिक पुण्याहून नव्या तऱ्हेच्या रंगाचे डबे घेऊन आला. दोन डब्यांतले एकत्र कालवून लावायचे.

"काकी, आठ दिवसांत पोरी पाण्यात. तळ निळाशार दिसंल."

सत्तारभाईंनी भिंतीवर हात फिरवला. गिलावा हाताला लागून सुटत होता.

"रंग चांगला हाय, पर भिंत आतून वली हाय वहिनी, धरायचा न्हाई. समदं खरवडून चुन्याचा गिलावा करू. पर उन्हाळा जाईल, ते आधीच सांगतो."

मी दोन दिवस मनाशी हिशेब मांडला. पुढचा उन्हाळा मला दिसेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. रंग लावला असता तर मी त्याच महिन्यात पाण्यात असते. पण माझ्यामागे पापुद्रे निघाले की साळुबाईचे कांदे आलेच. म्हणून मी म्हटले, "गिलावा करा." कुंडलिक रुसला आणि दिवाळीलाही आला नाही.

सत्तारभाईंनी चुना मळला, विटांचा चुरा घातला, घोटून घोटून भिंत गुळगुळीत केली. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि मी काही गेले नाही! चैत्रात हौद भरला. कुंडलिक आपणहून आला, दिवसभर पाणी उतरते का पाहत बसला आणि जाताना कपडे बदलायच्या खोलीचे दार तोच रंग लावून निळे करून गेला. सुरेख दिसते.

मी पोहले. पहिल्या बुडीत रडले, पण पाण्यात ते कोणाला कळले नाही.

त्याच आठवड्यात साळुबाई नुसते पाय बुडवायला म्हणून आली. पोरींनी तिला कंबरभर पाण्यात नेले. दिलशादने तिला उताणे निजवून पाठीखाली हात धरला.

"आगं पोरी, हात सोडू नगंस, बुडंन मी!"

"मावशी, कवाच सोडलाय."

साळुबाई तरंगत होती. तेव्हापासून तिचा एक शुक्रवार चुकलेला नाही.

म्हणून हौद व त्याभोवतीची जागा दिलशाद आणि साळुबाई या दोघींच्या नावे करावी. गिलाव्याचा निर्णय दिलशादचा. पाण्याचे दिवस तेच राहतील, आणि पुरुषमंडळींनी त्या दिवशी बागेत फिरकू नये.

४. माझ्या तेराव्याला गोड करावे. तो दिवस मंगळवार किंवा शुक्रवार आला, तर बायकांनी आधी पोहून घ्यावे, मग जेवायला बसावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली आहे. सही करताना साळुबाईने हौदातून दोन हाका मारल्या. पाणी आज छान आहे म्हणते. मी निघते.

सही: प्रयागबाई भगवंत थोरात

साक्षीदार: १. महंमद हनीफ अत्तार २. सावळेराम कुंभार

मुक्काम जुन्नर, शुक्रवार, तारीख १६ मे १९५८