दाराआडचा माणूस

मेलवीधी, तंजावूर
६ ऑगस्ट २०२५

चि. श्रीकर यास गुरुमूर्ती अण्णाचे आशीर्वाद. पाठवायची पद्धत आहे म्हणून पाठवतो आहे. वापरायचे की ठेवून द्यायचे, ते तू बघ.

इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे ज्याचं जे दुखत होतं ते तसंच दुखतं आहे. तुझ्या शांभवीवहिनीचा गुडघा, माझी पाठ, अप्पांचा स्वभाव. कावेरीला पाणी आलं आहे. आमची हरिता कोइमतूरला शिकते. फोनवर आईशी तमिळमध्ये भांडते, माझ्याशी इंग्रजीत आणि आजोबांशी मराठीत. मराठीत तिला शब्द कमी पडतात, त्यामुळे अप्पा दर वेळी जिंकतात.

तुझ्या ऑफिसात तुझी पत्रं तुझ्याआधी चार सहाय्यक उघडतात म्हणे. उघडोत, त्यांना ही लिपी वाचता यायची नाही. छडी घेऊन अप्पांनी आपल्याला देवनागरी शिकवली, तेव्हा तिचा असा काही उपयोग होईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

एक बातमी. २९ तारखेला, शुक्रवारी, तिरुवैयारूला अप्पांचा सदाभिषेक आहे. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की त्याला नदीकाठी बसवायचं आणि मुलांनी त्याच्या डोक्यावर कलशांचं पाणी ओतायचं. शास्त्रीबुवांनी विचारलं, पाणी ओतायला मुलगे किती? अप्पा म्हणाले, गुरुमूर्तीला विचारा. मी म्हटलं, कळवतो. याला आता अकरा दिवस झाले. शास्त्रीबुवा रोज फोन करतात. एवढा साधा आकडा यायला इतका वेळ का लागतो, हे त्यांना कळत नाही.

असो. पत्र त्याबद्दल नाही, तुझ्या सिनेमाबद्दल आहे.

तुझा तिसरा सिनेमा मी तीनदा पाहिला. दोनदा एकटा, एकदा अप्पांबरोबर. पहिल्या सिनेमात तू आम्हाला दचकवायला दर दहा मिनिटांनी पडद्यावर मांजर फेकायचास आणि ढोल बडवायचास. मी माझ्या सदरात त्यावर काही लिहिलं नाही, हे माझे अकराही वाचक सांगतील. या वेळी मात्र तू गप्प राहायला शिकलास. ती बाई रिकाम्या खोलीत येते, दिवा लावते, पाणी गरम करायला ठेवते. कॅमेरा तिच्याबरोबर जातच नाही, दारापाशी थांबतो. आपण खोलीतल्या खुर्चीकडे बघत बसतो. ती परत येते तेव्हा खुर्ची वीतभर सरकलेली असते. तिला दिसत नाही. आपल्याला दिसतं. तिथून पुढे तिने नुसता चहा गाळला तरी आपल्या तळहाताला घाम येतो.

आणि तो दाराचा प्रसंग. तो मी सहज लिहू शकेन असं वाटलं होतं. तीन कागद फाडले.

बाई बाहेर तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, उभी आहे, कडी वाजवायला हात उचललेला. आत दाराला चिकटून तो माणूस, हातात कोयता. भिंत मधोमध, कॅमेरा वर, जिन्याच्या वळणावर, आणि चौकटीत दोघंही एकदम. संगीत नाही. कोणी हलत नाही. तू तो शॉट किती वेळ धरलास ते मी दुसऱ्या खेपेला घड्याळावर पाहिलं: एक मिनिट वीस सेकंद. मग तिचा हात खाली येतो, ती वळते, पायऱ्या उतरते. अख्खं थिएटर श्वास सोडतं. सुटली.

मी सोडला नाही. मला एवढंच कळेना, की हे तुला कोणी सांगितलं.

मग लक्षात आलं, की कोणी सांगितलेलं नाही. तू आपल्या घराचा जिना घेतलास, आपलं दार घेतलंस, कॅमेरा ठेवायला बरी म्हणून ती वळणावरची खिडकी घेतलीस. दाराआडचा माणूस तू मनाने उभा केलास. बाहेरची बाजू तुला ठाऊक आहे. आत काय होतं ते तुला कसं माहीत असणार?

एकोणीस वर्षांपूर्वीची दुपार, तीनचा सुमार. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतली नेमणूक नाकारून तू चेन्नईला निघालास. अप्पा म्हणाले, या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नकोस. तू बॅग उचललीस. मी वर गेलो, कारण घरात कोणी ओरडायला लागलं की वर जायचं हे माझं धोरण होतं आणि आहे. लोक त्याला अलिप्तता म्हणतात. मी त्याच्यावर सदर चालवतो.

वळणावरच्या खिडकीतून तू कोपऱ्यापर्यंत गेलेला दिसलास. मग थांबलास आणि परत फिरलास. काही विसरलं होतं की विसरल्याचं निमित्त होतं, ते तुझं तुला ठाऊक.

अप्पांनीही ते पाहिलं, खालच्या खोलीच्या गजांतून. आपल्या घरची रीत तुला आठवत असेल: निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून परतला, तर त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, मग पुन्हा निघू द्यायचं. जन्मात स्वतःचं पाणी स्वतः न घेतलेला माणूस उठून स्वयंपाकघरात गेला. मातीच्या घागरीतून पेला भरून आणला आणि दाराआड उभा राहिला.

तू पायऱ्या चढून आलास. हात उचललास.

उंबऱ्याला पाय लावू नको म्हटलेल्याला, दार आतून उघडायला हवं होतं. तसं म्हणून बसलेल्याला, कडी वाजायला हवी होती. मी डावीकडे पाहिलं की तू दिसत होतास, उजवीकडे वाकलं की अप्पा. पेला काठोकाठ भरलेला होता, पाणी त्यांच्या मनगटावरून खाली येत होतं. किती वेळ, ते मी तेव्हा मोजलं नाही. तुझ्या एक मिनिट वीस सेकंदांपेक्षा जास्त.

मग तू हात खाली घेतलास आणि गेलास. अप्पांनी दार उघडलं, तेव्हा तू चार घरं पुढे होतास. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये ही दुसरी रीत. ती त्यांनी पाळली. उभ्याउभ्या ते पाणी प्यायले आणि पेला जागेवर ठेवून आले.

आता माझं. तू तिण्णैवर उभा होतास तेव्हा जाणारा नव्हतास, परतलेला होतास. मी मागे नव्हतो, वर होतो. तिथून हाक मारू नये असं कुठल्याही शास्त्रात नाही. मी शोधून पाहिलं आहे. थिएटरातला माणूस ओरडला तरी पडद्यावरच्या बाईला ऐकू जात नाही. तुला गेलं असतं. मी ओरडलो नाही, ते भीतीने नाही की रागाने नाही. मला पुढे काय होतं ते बघायचं होतं. एवढंच कारण आहे. याहून बरं सापडतं का म्हणून मी बरीच वर्षं घालवली.

परवाच्या शुक्रवारी अप्पांना मॅटिनीला नेलं. थोरल्या मुलाने धाकट्या मुलाचा सिनेमा दाखवला असं नको म्हणून ते म्हणाले, तिथे ए.सी. चांगला असतो. दाराचा प्रसंग आला. मागची पोरं तमिळमध्ये त्या बाईला ओरडून सांगत होती, कडी वाजवू नको, पळ. अप्पा माझ्याकडे वळून, त्या सगळ्या गोंगाटावरून, मराठीत म्हणाले,

"तो आत उभा आहे म्हणून तिला कोणीच सांगितलं नाही का रे?"

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वयाचा मान ठेवून, पेरियवरे, जरा हळू, असं विनवलं. कोयता अप्पांना दिसला की नाही, मला माहीत नाही. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे.

घरी येऊन मी त्यांना त्या दुपारी खिडकीतून पाहिलेलं सगळं सांगितलं. कॉफी निवत होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तू तिथं किती वेळ होतास?"

"सुरुवातीपासून."

"तो गेला तोवर?"

"हो."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. काय हवं ते शांभवीमार्फत विचारतात, मी समोर बसलेला असलो तरी. मला वाईट वाटायला हवं, आणि वाटतंही, पण खोटं कशाला सांगू, जरा हलकंही वाटतं. तू एकोणीस वर्षं हेच सोसतो आहेस; माझा आज पाचवा दिवस आहे. शांभवी म्हणाली, "तुम्ही तिघं एका दारापायी इतकी वर्षं अडून बसलात, आणि रोज सकाळी कडी मी काढते."

काल तिच्यामार्फत निरोप आला: त्याला विचार, लिहिलं का. कोणाला, ते त्यांनी म्हटलं नाही.

सिनेमाबद्दल माझं मत हवं असेल तर हे घे. मांडणी बिनचूक आहे. अंतर, उजेड, उंची, सगळं बरोबर. चूक फक्त त्या माणसाच्या हातात आहे. तू तिथे कोयता दिलास, आणि मला वाटतं चेन्नईत इतकी वर्षं तू तोच धरून चालला होतास. तिथे पाणी होतं, श्रीकर.

तू यावंस म्हणून मी रदबदली करत नाही. तो अधिकार मी त्या दुपारी खिडकीत घालवला. आलास तर माझ्याशी बोललंच पाहिजे असंही नाही. अप्पांच्या आणि तुझ्या, दोघांच्याही अबोल्याची मला सवय होईल. शास्त्रीबुवांना मी आज फोन केला आणि मुलगे दोन म्हणून सांगितलं. खरं निघालं तर बरं.

एवढं लिहिल्यावर जे तेव्हा म्हणायचं होतं ते म्हणतो.

श्रीकर, थांब. अप्पा दाराआड उभे आहेत. कडी वाजव.

तुझा,
वर उभा असलेला
गुरुमूर्ती अण्णा